आशाताईंच्या फॉर्मातले गुण कुणी ठरवले?

खाडीकाठ

आमच्याकडे (गुहागर तालुका) परवा आशाताई (गावातल्या सरकारी आरोग्य-स्वयंसेविका) येऊन गेल्या. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा फॉर्म भरायचा असतो म्हणे. वय, तंबाखू-मशेरी, दारू, कंबर किती सेंटिमीटर, आठवड्याला १५० मिनिटं हालचाल होते का, घरात कुणाला बीपी-शुगर-हृदयविकार आहे का. उत्तरागणिक गुण. बेरीज चारच्या वर गेली की तपासणीला आधी नंबर.

आईची बेरीज चारच्या बरीच वर गेली. मशेरीचे गुण तिने मुकाट मान्य केले. पण हालचालीच्या रकान्यात 'नाही' पडलं तेव्हा मात्र ती उखडली. पहाटेपासून विहीर, गोठा, आगरातलं शिंपणं, आणि वर हे. "ह्ये मार्क कुनी दिलान मला?" ताई बिचाऱ्या हसल्या. त्यांच्या हातात छापील कागद येतो, त्या तरी काय सांगणार?

प्रश्न टोमणा म्हणून विचारत नाहीये, खरंच जाणून घ्यायचंय. बाईची कंबर ८० च्या वर गेली की एक गुण, तर हा ८० कुठून आला? दुसरं असं की वाडीतले एक काका, काटकुळे, निर्व्यसनी, ४६ व्या वर्षी अटॅकने गेले. त्यांचा फॉर्म भरला असता तर दोन-तीनच गुण पडले असते. मग या बेरजेला अर्थ काय?

आकडेमोड

पोट भरण्यासाठी आकडेवारीचंच काम करतो, त्यामुळे प्रतिसाद लांबणार.

१९४५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट मेंदूत रक्तस्राव होऊन गेले. त्यांचं बीपी कित्येक वर्षं चढत होतं, डॉक्टर ते मोजतही होते. पण वय वाढलं की दाब वाढणारच, त्यात काय एवढं, असं तेव्हाचे बरेच वैद्यक मानत. तिकडे हृदयविकाराने भर उमेदीतली माणसं जात होती आणि का जातात ते कळत नव्हतं. मग १९४८ मध्ये बोस्टनजवळच्या फ्रेमिंगहॅम गावातले ५,२०९ स्त्री-पुरुष निवडून दर दोन वर्षांनी त्यांची तपासणी सुरू झाली. उपचार करायचे नव्हते. मोजायचं, लिहून ठेवायचं आणि वाट बघायची. काही वर्षांनी कुणाला अटॅक आला, कुणाला आला नाही हे समजलं की जुनी वही उघडायची आणि या दोन गटांत आधीपासून काय वेगळं होतं ते शोधायचं. वाढलेलं बीपी, कोलेस्टेरॉल, सिगारेट ही नावं अशी एकेक करून वर आली. 'रिस्क फॅक्टर' हे शब्द वैद्यकात रुळले तेही याच मंडळींच्या १९६१ च्या निबंधामुळे. १९७१ मध्ये मूळ लोकांची मुलं सामील झाली, २००२ मध्ये नातवंडं.

यातली मेख 'आधी मोजलं' यात आहे. आजारी माणसाला खाटेवर जाऊन विचारलं की बाबा, तू काय खात होतास, तर तोही स्वतःच्या आजाराला कारण शोधतच उत्तर देतो. वहीत आधीच लिहिलेलं मात्र बदलत नाही.

ब्रिटनमध्ये डॉल आणि हिल या संशोधकांनी १९५१ मध्ये हेच केलं, पण लोक निवडले ते डॉक्टर. ३४,४३९ पुरुष डॉक्टर, ५० वर्षं पाठपुरावा. २००४ चा निष्कर्ष असा की आयुष्यभर सिगारेट ओढणारे सरासरी १० वर्षं आधी गेले. साठीत सोडणाऱ्याला त्यातली तीन वर्षं परत मिळाली, पन्नाशीत सोडणाऱ्याला सहा, चाळिशीत नऊ. मला हा आकडा सगळ्यात जास्त आवडतो, कारण तो नुसता घाबरवत नाही.

फॉर्मातले गुण म्हणजे अशाच अभ्यासांमधून निघालेली जोखीम, आशाताईंना पेनाने बेरीज करता यावी इतकी सोपी करून छापलेली. आपल्याकडे चेन्नईत झालेल्या एका पाहणीत २६,००१ लोक होते. त्यातून २००५ मध्ये मधुमेहासाठी असाच एक गुणांक निघाला, त्यातही चारच गोष्टी: वय, कंबर, हालचाल, आईवडिलांचा इतिहास. रक्ताचा थेंबही न काढता कुणाला आधी तपासायचं ते ठरतं. गुण निदान करत नाहीत, ते रांग लावतात.

चाकरमानी_परळ

सगळं ठीक, पण गोऱ्यांच्या गावावरून आमच्या काकांचा हिशोब कसा करणार? तिथे पाव-लोणी, इथे पेज आणि सुकट.

डॉ_वाशिष्ठी

चाकरमानी, शंका रास्त आहे आणि ती संशोधकांनाही आली होती. चिपळुणात दवाखाना आहे, रोज असे काटकुळे हृदयरोगी बघतो.

आधी आपल्याकडचंच सांगतो. मुंबईत १९९१ ते १९९७ या काळात मतदारयाद्या हातात घेऊन ३५ वर्षांवरच्या १,४८,१७३ लोकांची घरोघरी नोंद झाली आणि काही वर्षांनी पुन्हा जाऊन कोण हयात आहे ते पाहिलं. कधीच तंबाखू न घेतलेल्या पुरुषांच्या तुलनेत सिगारेटवाल्यांचं मृत्युप्रमाण १.३७ पट निघालं आणि बिडीवाल्यांचं १.६४ पट. बिडी लहान असते, पानाची असते, म्हणून कमी बाधते असं सांगणारे रोज भेटतात, त्यांना मी हे दोन आकडे ऐकवतो. तो परळ-लालबागचा माणूस म्हणजे निम्मा आपलाच, नाही का?

काकांबद्दल. इंटरहार्ट नावाचा ५२ देशांतला अभ्यास २००४ मध्ये आला. पहिल्या अटॅकचं वय दक्षिण आशियात ५३ च्या आसपास, बाकी जगात त्याहून पाच-सहा वर्षं पुढे. कारणं मात्र सगळीकडे तीच नऊ: तंबाखू, वाईट-चांगल्या कोलेस्टेरॉलचं गुणोत्तर, बीपी, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळं-भाज्या न खाणं, व्यायाम नसणं आणि दारू. त्यातल्या दारूचं कोडं आपल्या भागात इतरांसारखं सुटत नाही, पण तो वेगळा धागा होईल. सांगायचं ते असं की काकांचं कोलेस्टेरॉल आणि शुगर कुणी कधी बघितलीच नसेल. निर्व्यसनी आणि बारीक, एवढ्यावर आपण माणूस निरोगी ठरवून मोकळे होतो.

आणि बारीक म्हणजे तरी काय? पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एक जोडफोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३. अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून याज्ञिकांच्या गटाने गरोदर बायकांचा अभ्यास केला, त्यातली बाळं सरासरी २.७ किलोची, साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं हलकी, पण तुलनेत चरबी राखून असलेली. म्हणून वजनकाटा आपल्याकडे फसवतो आणि टेप बरी पडते. अमेरिकेत कंबरेची मर्यादा पुरुषांना १०२ आणि बायकांना ८८ सांगतात, आपल्यासाठी ९० आणि ८०. खाडीकाठ, तुमचा ८० तिथून आला.

अजून एक. फॉर्मात विचारलंय ते हालचालीबद्दल, फिरायला जाण्याबद्दल नाही. शिंपणं आणि गोठा यात मोजायलाच हवा. आईंचं म्हणणं बरोबर आहे, ताईंना सांगून तेवढा रकाना सुधारून घ्या.

खाडीकाठ

डॉक्टर, हे आईला वाचून दाखवलं. आता दोन दिवस घरात तिचीच सत्ता.

नाखवा

माका ह्या काय पटना नाय. आता शुद्ध लिहितो.

मधुमेहाची देशभर मोठी पाहणी झाली होती, त्यात गोवा पहिला आला होता ना? गोवा म्हणजे आमच्या मालवणच्या शेजारचं घर. तोच भात, तीच कढी, तोच बांगडा. मग मासे आणि नारळ खाणारे सगळ्यात आजारी, असंच म्हणायचं ना? आणि तिकडे डॉक्टर मासे खा म्हणून सांगतात. एक काय ते ठरवा.

आकडेमोड

नाखवा, पाहणी बरोबर सांगितलीत. आयसीएमआर-इंडियाब, १,१३,०४३ लोक, २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. देशात मधुमेह ११.४ टक्के, गोव्यात २६.४, उत्तर प्रदेशात ४.८. पण गोव्यात मासे खातात आणि गोव्यात मधुमेह आहे, या दोन खऱ्या वाक्यांतून तिसरं वाक्य निघत नाही. गोव्यात पैसा जास्त आहे, वयस्कर माणसं जास्त आहेत, शहरीकरण जास्त आहे, अंगमेहनत कमी झालीय. यातलं प्रत्येक कारण एकटंही शुगर वाढवू शकतं. राज्याची सरासरी घेऊन माणसाच्या ताटात डोकावता येत नाही. त्यासाठी गोव्यातल्याच मासे खाणाऱ्या आणि न खाणाऱ्या, एकाच वयाच्या, साधारण एकाच ऐपतीच्या माणसांची तुलना हवी. आणि तीही एकदाच नव्हे, पुढची दहा-पंधरा वर्षं.

तेवढं करूनही माणूस फसतो. अमेरिकेत १९७६ पासून १,२१,७०० नर्सेसचा अभ्यास सुरू आहे. त्यात, आणि इतर काही पाहण्यांतही, दिसलं की पाळी गेल्यावर हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्या बायकांना हृदयविकार कमी होतो. लाखो बायकांना गोळ्या लिहून दिल्या गेल्या. मग १६,६०८ बायकांवर प्रयोग झाला. कुणाला खरी गोळी, कुणाला खोटी, हे चिठ्ठ्यांसारखं ठरवलं. २००२ मध्ये तो मध्येच थांबवावा लागला, कारण गोळीवाल्यांत हृदयविकार आणि स्तनाचा कर्करोग दोन्ही थोडे वाढले होते. आधीच्या पाहण्यांत गोळ्या घेणाऱ्या बायका मुळातच सुखवस्तू आणि तब्येतीला जपणाऱ्या होत्या, हे एक कारण. गोळी पाळी गेल्यावर किती वर्षांनी सुरू केली, हे दुसरं. वाद अजून चालू आहे.

बातमी वाचताना उपयोगी पडेल असं काही त्याच प्रयोगात आहे. 'हृदयविकाराचा धोका २९ टक्क्यांनी वाढला' असा मथळा होता. प्रत्यक्षात वर्षाला दर १०,००० बायकांमागे ३० च्या जागी ३७. दोन्ही खरंच, पण पहिलं ऐकून झोप उडते आणि दुसरं ऐकून माणूस विचार करतो.

नाखवा

म्हणजे बांगडा सुटला?

आकडेमोड

बांगड्यावर आरोपपत्रच नव्हतं. मिठाचं बघा.

ओटीवरून

वाचतेय, छान चाललंय. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका आरोग्य पाहणीत मी काही वर्षं गावोगाव फिरून माहिती गोळा केली आहे. वरचे आकडे ज्यांच्या वहीतून निघतात त्या आम्ही. आकडेमोड, तुमची गणितं कितीही चोख असोत, ओटीवर काय चालतं ते थोडं सांगते.

"तंबाखू खाता का?" "छे!" असं ठणकावून सांगणाऱ्या बाईच्या बोटाला मशेरी लागलेली असते. तिच्या लेखी ते दात घासणं. म्हणून मशेरी वेगळी विचारायची, तीही दिवसातून किती वेळा. काही जणी पाच-सहा वेळा दात घासतात! दारूचा प्रश्न पुरुषाला बायकोसमोर विचारलात तर कागदावर अख्खं गाव माळकरी होतं. त्याला आगरात गाठायचा.

कंबर मोजणं तर विचारू नका. शेवटची फासळी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरायची, श्वास सोडल्यावर. लुगड्याच्या घड्यांवरून मोजली तर ८४ ची ८९ सहज होते. बीपी घेण्याआधी पाच मिनिटं शांत बसवायचं, पाठ टेकलेली, हात आधारावर, बोलणं बंद. आम्हाला बघून बाई चहा ठेवायला आत पळते, मग धापा टाकत येऊन हात पुढे करते. पहिलं रीडिंग त्यामुळे धरायचंच नाही, पुढच्या दोनांची सरासरी. उपाशीपोटी रक्ताला सातच्या आत पोचावं तर ती साडेपाचलाच कोरा चहा पिऊन बसलेली, "चहा म्हंजे काय खाणं न्हवं!"

सगळ्यात मोठा घोळ आहाराचा. काल दिवसभरात काय खाल्लंत, हा प्रश्न मे महिन्यात विचारा, ताजी मासळी आणि आंबा. १ जूनपासून मासेमारी बंद, मग सुकट, सुके बोंबील, खारवलेला बांगडा, म्हणजे मीठच मीठ. श्रावणात विचाराल तर हे लोक जन्मजात शाकाहारी वाटतील. एकाच घरातून एकाच बाईची तीन वेगळी माणसं निघतात. मिठाचा खरा अंदाज हवा असेल तर २४ तासांची लघवी गोळा करावी लागते. कॅन घेऊन शेतावर जा असं कुणाला सांगून बघा आणि मग मला भेटा.

आणि मुख्य गोष्ट. गावात पंचविशी ते पन्नाशीचा पुरुष सापडतच नाही. तो मुंबईत. घरोघर फिरलं की म्हातारी माणसं, बायका, शाळेतली पोरं. मुंबईत आजारी पडून काम सुटलं की तो गावी परत येतो आणि इथे जातो. म्हणजे रोग तिथे लागला, मरण इथे नोंदलं. गावाचे आकडे बघणारा म्हणेल, कोकणातल्या हवेतच काहीतरी आहे.

आकडेमोड

ओटीवरून, यावर वेगळा धागा काढा ही विनंती. शेवटचा मुद्दा फार मोलाचा आहे. अमेरिकेतल्या मेक्सिकन लोकांत मृत्यू अपेक्षेपेक्षा कमी दिसतात, त्यामागे आजारी माणसं मायदेशी परत जातात हेही एक कारण असावं, अशी चर्चा तिथे वर्षानुवर्षं आहे. म्हणून लांब पल्ल्याच्या अभ्यासात माणूस हरवू न देणं हेच निम्मं काम. आणि हरवणारी माणसं सहसा उरलेल्यांसारखी नसतात, खरी अडचण ती.

कोण सापडतं याचंही तेच. ब्रिटनच्या यूके बायोबँकेत २००६ ते २०१० मध्ये ५ लाख लोक आले. ऐकायला प्रचंड वाटतं, पण आमंत्रण गेलेल्यांपैकी जेमतेम साडेपाच टक्के. आले ते देशाच्या मानाने जास्त निरोगी, कमी सिगारेट ओढणारे, सुस्थितीतले. मुंबईच्या अभ्यासात उलटं घडलं, पहारेकरी आत सोडत नाहीत म्हणून उच्चभ्रू सोसायट्यांचा भाग वगळावा लागला होता.

डॉ_वाशिष्ठी

हरवण्यावरून आठवलं. आमच्या जवळ डेरवणला, वालावलकर रुग्णालयाने १६ ते १८ वयाच्या साधारण दीड हजार ग्रामीण मुलींचा अभ्यास हाती घेतला आहे. या मुली पुढे आया होतील, त्यांच्या आत्ताच्या प्रकृतीचा पुढच्या मधुमेह-हृदयविकाराशी काय संबंध, हे बघायचंय. कोकणासाठी कोकणातच केलेलं काम, म्हणून मला त्याचं फार अप्रूप आहे. पण पोरी लग्न होऊन विरारला, कल्याणला, ठाण्याला जाणार. त्यांच्यामागे जाणं केवढं काम आहे ते ओटीवरून यांना विचारा.

ओटीवरून

सासरचा पत्ता आईकडून, फोन नंबर मैत्रिणीकडून. नंबर दर वर्षी बदलतो. पहिल्या बाळंतपणाला माहेरी येते तेव्हा गाठायची, ते सोपं.

चाकरमानी_परळ

माझा मुद्दा अजून तिथेच आहे. माझ्या आजोबांनी जन्मभर बिडी ओढली, नव्वदी पार केली. वाडीतले काका काही न करता गेले. एका माणसाचं सांगता येत नसेल तर लाख माणसं मोजून काय मिळवलं?

आकडेमोड

एका माणसाचं सांगता येत नाही, कबूल. तसा दावा या अभ्यासांनी केलेलाही नाही. त्यांचं म्हणणं एवढंच असतं की अशी हजार माणसं घ्या, दहा वर्षांत त्यातली अमुक जातील. कुठली, ते माहीत नाही. तुमच्या आजोबांबरोबर बिडी ओढणारे बाकीचे कट्ट्यावरचे कुठे आहेत, हे आपण विचारत नाही, कारण सांगायला ते उरलेले नाहीत.

आणि काकांसारख्यांचं कोडं जेफ्री रोझ नावाच्या इंग्रज डॉक्टरने १९८० च्या दशकात मांडलं. खूप जास्त बीपी असलेली माणसं थोडी असतात. किंचित वाढलेली असंख्य. त्यामुळे एकूण अटॅकपैकी बरेचसे त्या असंख्यांतूनच येतात, ज्यांना फॉर्मवर फारसे गुण नसतात. काकांचा फॉर्म खोटा ठरला नसता, कमी गुण म्हणजे शून्य धोका असं त्यावर लिहिलेलंच नसतं. म्हणून फक्त जास्त गुणवाल्यांना बोलावून भागत नाही, सगळ्या वाडीच्या आमटीतलं मीठ थोडं कमी व्हावं लागतं. रोझचंच म्हणणं होतं की अशा उपायाचा फायदा समाजाला भरपूर होतो पण एकेकट्याला जाणवतही नाही, त्यामुळे कुणी उत्साहाने करत नाही.

नाखवा

आमटीतलं मीठ कमी? पहिलं आमच्या घरात सांगून दाखवा.

पायवाट

अवांतर: मशेरी सोडायला कुणाला काही उपयोगी पडलं का? सासूबाईंना पोट साफ होत नाही तिच्याशिवाय.

डॉ_वाशिष्ठी

पायवाट, ही तक्रार नेहमीची आहे आणि खोटी नाही, निकोटीनने आतड्याची हालचाल वाढते. सोडल्यावर काही आठवडे त्रास होतो, मग बसतो. पहिली वेळ सकाळची न तोडता दुपारची आणि रात्रीची आधी तोडायला सांगतो. कोमट पाणी, भाजी, पपई. आणि तोंडात पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम दिसली तर थांबू नका, दाखवा.

खाडीकाठ

आईला काल उपकेंद्रावर नेलं. ओटीवरून यांचं ऐकून पाच मिनिटं गप्प बसवलं (आयुष्यात पहिल्यांदाच). बीपीचं पहिलं रीडिंग १५८, तिसरं १४२. शुगर ठीक. पुन्हा बोलावलंय. गोळी सुरू करायची का, हे इथे विचारत नाही, पण एवढा फरक कसा?

डॉ_वाशिष्ठी

चढ चढून आल्या असतील, नवी जागा, सुईची भीती. वेगवेगळ्या दिवशी अजून दोनदा घ्या, जमलं तर घरीही. १४० च्या खाली-वर घुटमळणाऱ्यांचा निर्णय एका दिवसात करायचा नसतो. आकडे तारखेसह लिहून न्या, तिथल्या डॉक्टरांना फार उपयोग होईल.

चाकरमानी_परळ

गणपतीत गावी येतोय. माझाही फॉर्म भरता येईल का? वय ४४.

ओटीवरून

जरूर. पण ताईंच्या घरीही गणपती असतो, ऐन चतुर्थीला त्यांच्या दारात उभे राहू नका. दोन दिवस आधी आलात तर बरं, कंबरही मोदकांच्या आधीची मिळेल. आणि आजोबांचं बीपी होतं का ते आईला विचारून या, तो रकाना सगळेच कोरा सोडतात.